दुपारी खाली, पहाटे वर

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला की आभाळाकडे बघायचं काम जवळजवळ संपतं. मंगळवेढा, मोहोळ, सांगोला या आमच्या पट्ट्यात उत्तरा-हस्ताचा पाऊस होऊन जातो, चिखल सरून रान पेरणीजोग्या वाफशावर येतं, पेरणीची पाभर चालते आणि त्यानंतर काढणीपर्यंत चार महिने पीक कोरड्या हवेत उभं असतं. मधे एखादी सर आलीच तर ती अवकाळी. दाणे भरताना आली तर ज्वारी काळी पडते, त्यामुळे नकोशीच. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे पटता पटत नाही. विहीर नाही, पाट नाही, ठिबकाची नळी नाही, आणि पुरुषभर ताटं डुलतायत. मोहोळला निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण कित्येक पिढ्या असंच पिकत आलंय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनात अर्धा वाटा वाणाचा धरला तर उरलेला अर्धा खालच्या काळ्या रानाचा धरायला हवा.

गावात विचारलं की शाळू पाण्याशिवाय येतो कसा, तर उत्तर ठरलेलं असतं: थंडीवर येतो. एखादा म्हणतो, दवावर. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवलं की साठलेल्या ओलीवर येतो. मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला उचलता येईल असं ढोबळमानानं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, त्यावर त्याचा संसार चालतो. हे उत्तर बरोबरच आहे. पण त्यात ओल म्हणजे कणगीत भरून ठेवलेलं धान्य असावं, लागेल तसं काढावं, असा एक सूर असतो. ओल अशी गप्प बसत नाही. पाऊस थांबल्यानंतरही ती वर-खाली हलत राहते, आणि तिला हलवणाऱ्यांमध्ये मुळं आणि गुरुत्वाकर्षण यांच्या जोडीला तिसरं एक कारण असतं, ज्याच्याबद्दल रानात फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे मातीचं तापमान.

मला त्याचा पत्ता लागला तो विद्यार्थी असताना, कृषी हवामान वेधशाळेच्या नोंदवहीत. अशा वेधशाळेत उघड्या जमिनीचा एक तुकडा राखलेला असतो आणि त्यात पाच, दहा आणि वीस सेंटीमीटर खोलीवर बाकदार दांड्याचे काचेचे तापमापक रोवलेले असतात. नोंद सकाळी सातला आणि दुपारी दोनला, स्थानिक वेळेनं. काम इतकं कंटाळवाणं की ते नेहमी नव्या पोरांच्या गळ्यात पडतं. हिवाळ्यातल्या सकाळी पाच सेंटीमीटरवरची माती गार असते आणि वीसवरची तिच्यापेक्षा चांगली पाच-सहा अंश उबदार. दुपारी दोनला गेलं की सगळं उलटं: वरची तापलेली, खालची अजून कालच्याच उबेत. रोज हेच. आमचे एक शिक्षक नोंदवही तपासताना सहज म्हणाले, ‘‘उष्णता कुठल्या दिशेनं चाललीय ते तुम्ही लिहिलंत. आता तिच्याबरोबर पाणी कुठं चाललंय ते सांगा.’’ आम्ही कुणीच सांगितलं नाही.

पाऊस पडताना किंवा पाणी भरताना माती पूर्ण भरलेली असते. सगळी पोकळी पाण्याची, पाणी आपल्या वजनानं खाली जातं. हे समजायला सोपं. पण वाफसा आल्यापासून पुढे माती असंपृक्त असते, म्हणजे पोकळीत थोडं पाणी आणि थोडी हवा. पाणी कणांभोवती पातळ थरासारखं चिकटलेलं आणि कणांच्या सांध्यांत, कोपऱ्यांत अडकलेलं. ते वजनानं खाली पडत नाही. जिथे ओढ जास्त तिकडे ते जातं. ही ओढ मोजता येते आणि पाण्याची वाट तिच्यावरून ठरते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या एडगर बकिंगहॅम यानं १९०७ मध्ये मांडलं. गडी मुळात भौतिकशास्त्राचा. मातीशी त्याचं लग्न चार-पाच वर्षांचंच, पण तेवढ्यात त्यानं जे लिहून ठेवलं त्यावर मृदभौतिकी आजही उभी आहे.

या चिकटलेल्या पाण्याला ऊब दिली की काय होतं? पहिली गोष्ट, ते पातळ होतं. २० अंशांवरून ४० अंशांवर नेलं तर पाण्याचा चिकटपणा, पुस्तकातली विष्यंदिता, जवळपास एक तृतीयांशानं घटतो. म्हणून तीच माती, तेवढीच ओढ, पण तापलेल्या रानात पाणी जास्त चपळ. दुसरी गोष्ट, त्याचा पृष्ठताण थोडा कमी होतो. थोडाच, अंशाला जेमतेम पाव टक्का. पण ओल धरून ठेवणारी ताकद पृष्ठताणाचीच असल्यामुळे गरम जागेची पकड सैल पडते आणि गार जागेची टिकून राहते. पाणी गार जागेकडे सरकतं. इथे एक गंमत आहे. प्रयोगशाळेत मोजलं तर पकड पृष्ठताणाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त सैल पडते. मातीत कोंडलेली हवा तापून फुगते, पाण्याचा कणाशी होणारा कोन बदलतो, अशी कारणं दिली जातात, आणि अभ्यासक त्यावर अजूनही एकमेकांशी वाद घालतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती वाफेची. २० अंशांवरची पूर्ण दमट हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. ३० अंशांवर ३० ग्रॅम. ४० अंशांवर ५१. आता आपल्याला वाटेल की कोरडी पडत चाललेल्या मातीतली हवाही कोरडी असणार. तसं नसतं. पीक कायमचं माना टाकतं त्या टप्प्यावरसुद्धा मातीतल्या पोकळीतली हवा जवळजवळ ९९ टक्के दमट असते. म्हणजे वरची चिमूटभर सुकी माती सोडली, तर खालची हवा सगळीकडे वाफेनं काठोकाठ भरलेली. मग एका जागी वाफ जास्त आणि दुसऱ्या जागी कमी, हे कशावरून ठरणार? ओल किती आहे यावरून नाही ठरत. ते ठरतं तापमानावरून. जिथे ऊब तिथे वाफ दाट, जिथे गारवा तिथे विरळ, आणि दाटीकडून विरळीकडे जाणं हा वाफेचा धर्म. तव्यावरून काढलेली भाकरी तशीच गार स्टीलच्या ताटात टाकली की खालून ओली होते, ते याच हिशेबानं. म्हणून आई ती आधी टोपल्यात उभी करून ठेवायची.

हे मातीत घडतं का, याचा पहिला नीट प्रयोग १९१५ चा. मूळचा ग्रीसचा, मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात रमलेला जॉर्ज बुयूकोस. मातीतली चिकण-पोयटा-वाळू मोजायचा त्याचा हायड्रोमीटर आपल्याकडच्या कृषीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हाताळलेला असतो, पण हा प्रयोग सहसा कुणाला माहीत नसतो. त्यानं नळीत सारखी ओली माती भरली, नळीचा एक अर्धा भाग गरम ठेवला, दुसरा थंड. काही तासांनी गरम बाजूचं पाणी थंड बाजूला गेलेलं. त्यात पुढची खुबी अशी की पाण्याचं हे स्थलांतर खूप ओल्या मातीत कमी, खूप कोरड्या मातीतही कमी, आणि मधल्या एका ओलीला सर्वांत जास्त. बुयूकोसनं याचं श्रेय मुख्यतः द्रव पाण्याला दिलं. वाफेचा वाटा त्याला किरकोळ वाटला.

त्या वाटणीचा निकाल १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात लागला, आणि ज्या युक्तीनं लागला ती मला फार आवडते. गर, मार्शल आणि हटन या तिघांनी मातीच्या बंद नळीतल्या पाण्यात थोडं मीठ घातलं. मीठ वाफ होऊन उडत नाही, ते फक्त द्रव पाण्याबरोबर प्रवास करतं. नळीच्या एका टोकाला ऊब दिली. पाणी गार टोकाला जमलं, अपेक्षेप्रमाणे. आणि मीठ? ते गरम टोकाला जमलं. म्हणजे वाफ गरमकडून गारकडे चालली होती, आणि गार टोकाला ओल वाढली की तिथलं द्रव पाणी मिठाला घेऊन उलट गरमकडे परतत होतं. बंद नळीत पाण्याचा एक रहाट चाललेला. आमच्याकडे कालव्याच्या पाण्यानं रानं चोपण होतात, बांधाच्या कडेनं उन्हाळ्यात पांढरं मीठ फुलतं, तेव्हा मला ही नळी आठवते. तिथलं मुख्य कारण वर आलेली पाण्याची पातळी आणि वरून होणारं बाष्पीभवन हेच आहे, पण मीठ मागे टाकून पाणी निघून जाण्याची रीत तीच.

१९५७ मध्ये जॉन फिलिप या ऑस्ट्रेलियन आणि डॅनियल द व्ह्रीस या डच संशोधकानं सगळं एका गणितात बसवलं. साध्या हिशेबानं वाफ जितकी सरकायला हवी त्याच्या कितीतरी पट सरकताना दिसत होती, आणि ते कोडं सुटत नव्हतं. त्यांचं स्पष्टीकरण असं: कणांच्या सांध्यांत अडकलेलं पाणी वाफेची वाट अडवतं असं आपण समजतो, पण ते अडवत नाही. वाफ त्या पाण्याच्या गरम बाजूला निवते, तेवढंच पाणी दुसऱ्या बाजूनं वाफ होऊन पुढे निघतं. शिवाय पोकळीतल्या हवेच्या दोन टोकांमधला तापमानाचा उतार आख्ख्या मातीच्या सरासरी उतारापेक्षा तीव्र असतो, त्यामुळे वाफेला जास्तीचा रेटा मिळतो. बुयूकोसच्या मधल्या ओलीचा उलगडाही यातच आहे. पाणी फार झालं तर वाफेला पोकळी उरत नाही, फार कमी झालं तर द्रवाचे पूल तुटतात आणि परतीचं पाणी बंद पडतं. मधल्या ओलीला दोन्ही वाटा चालू राहतात. आमच्या शाळूच्या रानाची वरची वीत-दीड वीत हिवाळ्यातले बरेच दिवस याच मधल्या ओलीत असते.

मग नोंदवहीतल्या त्या आकड्यांना अर्थ येतो. दुपारी वरचा थर तापलेला असतो, खालचा गार. वाफेचा एक भाग वर हवेत उडून जातो, हे सगळ्यांना माहीत. दुसरा भाग खाली ढकलला जातो, गार थरात जाऊन निवतो, हे लक्षात येत नाही. सूर्य एका हातानं ओल घेतो आणि दुसऱ्या हातानं तिला दडवतो. पहाटे उलट: वरचा थर गार, खालची वाफ वर येते आणि वरच्या थरात निवते. सकाळी लवकर रानात गेलं आणि वरची सुकी माती पायानं जरा बाजूला केली की खाली माती काल संध्याकाळपेक्षा काळी, ओलसर लागते. तिला लोक दव म्हणतात. त्यात थोडं दव असेलही, पण बरंच पाणी खालून आलेलं असतं. अमेरिकेतल्या फिनिक्स इथल्या संशोधकांनी १९७१ च्या मार्चमध्ये उघड्या रानाला पाणी देऊन नंतरचे कित्येक दिवस आणि रात्री दर अर्ध्या तासाला मातीचे नमुने काढले. माणसं पाळीपाळीनं रात्रभर मातीत हात घालून बसली होती. वरच्या सेंटीमीटरभर थरातली ओल दिवसा उतरायची आणि रात्री पुन्हा चढायची, कुणी वरून थेंबही न घालता.

ओलीची तिसरी वाट खुद्द हवेतून येते, आणि तिच्या अभ्यासाचा मान पुण्याचा. १९३२ मध्ये हवामान खात्यात पुण्याला कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. (समर्थ नव्हेत, पण मनाच्या नसतील तरी मातीच्या बारीक श्लोकांवर त्यांचाही हात होता.) स्वच्छ आभाळाच्या दिवसांत काळ्या मातीचा वरचा पापुद्रा दिवसा ओल गमावतो आणि रात्री हवेतून थोडी परत शोषतो, हे रामदासांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. दव पडायची गरज नाही, रात्री हवेतला दमटपणा वाढला की सुकी चिकण माती तो ओढून घेते. काळ्या रानावर खडूची पांढरी भुकटी भुरभुरून रान किती गार राहतं तेही त्यांनी पाहिलं. फरक चांगलाच पडला. काळं रान ऊन गिळतं, पांढरं परतवतं, यात नवल नाही. नवल हे की हे काम पुण्यात तेव्हा झालं आणि आज आमच्याकडच्या मृदशास्त्राच्या पोरांना ते कुणी सांगत नाही.

आता कोळपणीकडे, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं वरवर मोकळी करण्याकडे, येतो, कारण खरं मला तिच्याबद्दलच बोलायचं होतं.

‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. शिफारशीप्रमाणे शाळूला तीन कोळपण्या: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. पुण्याजवळच्या मांजरीला १९२३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, १९३३ मध्ये सोलापूरचं केंद्र आलं. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या बरोबरच्यांनी जी पद्धत बसवली तिच्यात बांध, खोल नांगरट, कमी बियाणं, जास्त अंतर आणि वरची माती सतत मोकळी ठेवणं, हे सगळं होतं. मोकळी माती ओल का राखते, याचं आम्हाला दिलेलं स्पष्टीकरण असं की केशनलिका, म्हणजे मातीतल्या केसासारख्या बारीक नळ्या, तुटतात आणि खालचं पाणी वर चढत नाही.

हे स्पष्टीकरण निम्मंच खरं आहे, आणि ते तसंच्या तसं शिकवलं जातं याचा मला राग येतो. बकिंगहॅमनं वाळवंटी आणि दमट अशा दोन प्रकारच्या हवेत मातीचे स्तंभ ठेवून बाष्पीभवन मोजलं होतं. सुरुवातीला वाळवंटी हवेतली माती भराभर सुकली. पण वरचा थर सुकला तशी तिची गळती एकदम मंदावली, आणि पुढे दमट हवेतल्या मातीपेक्षाही कमी झाली. सुक्या थरातून द्रव पाणी जवळजवळ जात नाही, फक्त वाफ जाते, आणि वाफ हळू जाते. कडक ऊन आपलं दार आपणच लावून घेतं. कुणी कोळपं फिरवो न फिरवो. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे फ्रँक व्हाइमायर यानं बागांमध्ये मोजून दाखवलं की नुसती माती मोकळी करून ओल वाचत नाही, वाचते ती तण काढल्यामुळे. तणाचं मूळ खालची ओल थेट हवेत नेतं. ते मूळ कापलं की हिशेब मिटला.

मग आमच्या तात्यांची कोळपणी फुकट का? पहिल्या दोन कोळपण्यांचं बरंचसं पुण्य तण काढण्याचं आहे हे मी मान्य करतो. तिसरीबद्दल मात्र मी कॅलिफोर्नियाला मानत नाही. तिथल्या बागांच्या रानाला आमच्यासारख्या भेगा पडत नव्हत्या.

काळी माती सुकताना आकसते, डिसेंबरात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्यातल्या काही तर मीटरभर खोल उतरतात. दिवसा भेगेच्या तोंडाशी गरम हवा असते आणि आत गार. गार हवा जड, ती तळाशी बसून राहते, फारशी उलाढाल होत नाही. रात्री गोष्ट फिरते. आमच्याकडे डिसेंबरात पहाटेची हवा बारा-चौदा अंशांवर येते, तर भेगेत हात-दीड हात खाली माती चोवीस-पंचवीस अंशांची. वरची गार, जड, कोरडी हवा भेगेत कोसळते, आतली उबदार आणि वाफेनं भरलेली हवा वर फेकली जाते. गार हवा आत तापते, ओल पिते, पुन्हा वर येते. रात्रभर हा भाता चालतो. इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटातल्या खडकाच्या भेगांत संशोधकांनी तापमापक सोडून ही रात्रीची हवापालट मोजली आहे. मातीच्या कणाकणातून वाफ झिरपायला जिथे वेळ लागतो तिथे भेगेतून ती वाऱ्यावर स्वार होऊन जाते. आणि ती ओल कुठली, तर सूर्याच्या हाताला न लागणाऱ्या, मुळांसाठी राखलेल्या खोलीची.

म्हणजे शाळू थंडीवर येतो हे खरं, आणि भेगाळलेल्या रानात तीच थंडी त्याची ओल चोरते हेही खरं. तात्यांना यातलं भौतिकशास्त्र ठाऊक नव्हतं. आठव्या आठवड्यात ते दातेरी कोळपं घेऊन निघायचे आणि गड्याला सांगायचे, ‘‘भेगा मुजव. रान उघडं पडलं की राच्चं हिव शिरतंय आत.’’ हिव आत शिरतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. माझ्या पुस्तकांत ओल बाहेर पडायला उन्हाचं कारण होतं, त्यांच्या बोलण्यात थंडीचं. आठव्या आठवड्याच्या त्या कोळपणीला मी अर्धं पाणी सोडून पाऊण पाणीही म्हणायला तयार आहे, पण असा आकडा कुणी मोजून दिल्याशिवाय लिहू नये.

आकड्यांचा विषय निघालाच तर एक बजावतो. ही सगळी वाफेची ये-जा वाचून कुणाला वाटेल की शाळू खालून येणाऱ्या वाफेवरच जगतो. तसं अजिबात नाही. मी हिशेब मांडून पाहिला. अखंड, बिनभेगांच्या रानात एका रात्रीत तापमानाच्या फरकानं वर येणारं पाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून फार तर दहाव्या भागापर्यंत भरतं. ऐन भरातला शाळू दिवसाला काही मिलिमीटर उडवतो. एकराला एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर, त्याचा दहावा भाग चारशे लिटर. एकराला दोन पिंपं. पिकाची तहान भागवायला हे काहीच नाही. पण उगवणीच्या वेळी, वरची ओल तुटत चाललेली असताना, दोन पिंपं बियाच्या नेमक्या थरात येऊन निवली तर ती कमी नव्हेत. बी मातीच्या अंगाला चिकटूनच पाणी पितं असं नाही, ते वाफेतूनही पितं. गव्हावर हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. पाभरीच्या मागे फळी मारून बी दाबताना आपण ओलीला ओल भिडवतो म्हणतो, त्यात वाफेचाही हातभार असतो. पुढे मुळं दोन हात खाली उतरली की पीक आणि ही रोजची ये-जा यांचा संबंध संपतो. मुळं दुसऱ्याच मजल्यावर राहायला गेलेली असतात. तिथे दिवसरात्रीचा फरक पोचतच नाही, फक्त ऋतूंचा पोचतो, तोही उशिरानं.

याच तत्त्वाचे शहरी भाऊबंदही आहेत. जमिनीखालून जाणारी विजेची जाड केबल तापते, आसपासची ओल दूर ढकलते, सुकलेली माती उष्णता नीट बाहेर नेत नाही, म्हणून केबल आणखी तापते आणि आणखी ओल ढकलते. त्यामुळे अशी केबल टाकताना तिच्याभोवती सुकली तरी उष्णता वाहून नेईल अशी निवडलेली भर घालतात. आणि आमच्या कलिंगड-मिरचीवाल्यांचा मल्चिंग पेपर, म्हणजे रानावर अंथरायचं प्लास्टिक. त्याच्या आतल्या अंगावर सकाळी जे थेंब लगडतात ते रात्री खालून आलेल्या वाफेचे. पेपर तिला हवेत जाऊ देत नाही, ती निवून पुन्हा मातीत उतरते. चंदेरी बाजू वर ठेवायची की काळी, यावरून दुकानात जो वाद होतो तो रामदासांच्या खडूच्या भुकटीचाच वाद आहे, फक्त मीटरच्या भावानं विकला जाणारा.

माझा पुतण्या आता रान बघतो. त्यानं मागच्या हंगामात ओल मोजणारा सेन्सर घेतला. वीस आणि चाळीस सेंटीमीटरवर दोन काटे, वर छोटी सौर पाटी, मोबाइलवर आलेख. पेरणीनंतर थोड्याच दिवसांत त्याचा फोन, ‘‘काका, दुपारी ओल वाढतीया आन पहाटं उतरतीया. पाणी तर सोडलंच न्हाई. ही काय भानगड?’’ मला क्षणभर फार आनंद झाला, की पोरानं बुयूकोस घरबसल्या बघितला. मग नीट विचार केला. वीस सेंटीमीटरवर वाफेनं आलेली ओल इतक्या मोठ्या उड्या मारूच शकत नाही. या प्रकारचे सेन्सर मातीचा विजेला होणारा प्रतिसाद मोजतात आणि त्यावरून ओल काढतात. चिकण मातीत तो प्रतिसाद तापमानाबरोबर बदलतो. माती तापली की ओल तेवढीच असून आकडा चढतो. म्हणजे त्या आलेखातली बहुतेक लाट पाण्याची नसून उबेची होती. मी त्याला सांगितलं की रोज पहाटेचा एकच आकडा बघ, दिवसभराची रेघ सोडून दे, आणि कालच्या पहाटेशी ताडून पाहा.

ते त्यानं केलं, महिनाभर चांगलं चाललं. मग पौषात सेन्सरच्या अगदी अंगाला चिकटून भेग गेली. वरचा काटा आता निम्मा मातीत, निम्मा हवेत लोंबकळतोय, आणि ॲप दर सकाळी लाल अक्षरांत कळवतं की तुमचं पीक तहानलेलं आहे, ताबडतोब पाणी सोडा. कुठून सोडायचं ते काही त्यात लिहिलेलं नसतं. पुतण्यानं दातेरी कोळपं बाहेर काढलंय, पण सेन्सरच्या तारेमुळे नेमकं तेवढ्या ओळीत ते फिरवता येत नाही.